खुर्च्या तीनशे, पोरं चार

सुट्टी संपली की आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमधल्या मैत्रिणी डब्याच्या वेळी विचारतात, "काय गं वैशाली, यंदा कुठं कुठं गेलात?"

मी सांगते, "पुणतांबा, राहाता, शेवगाव, पाथर्डी."

"अरे वा, देवदर्शन का?"

"नाही गं, लग्नं."

"कुणाची?"

"ते काही माहीत नाही."

मग हसणं सुरू होतं आणि एका किश्श्याला दुसरा लागून येतो. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, मांडवाचा धंदा आहे. माझा नवरा प्रशांत त्यांच्याबरोबरच असतो. मुलांच्या सुट्ट्या आणि लग्नसराई एकदमच येतात, त्यामुळे आमच्याकडे सहल म्हणजे जिथली ऑर्डर तिथं. मुलं टेम्पोत बसतात, लग्नात जेवतात, नदी असली तर डुंबतात आणि सामानाबरोबर परत येतात. किस्से आम्ही मुद्दाम गोळा करत नाही. जाजमं झटकताना धूळ निघते तसे ते निघतात.

सांगताना मी पण हसते. पण मी मुळात भित्री बाई आहे. यातल्या प्रत्येक किश्श्यात माझे हातपाय गार पडलेले आहेत, आणि तेवढा भाग मी लॅबमध्ये गाळते. आज गाळणार नाही.

*

आधी अण्णांची मोजणी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मांडवाच्या धंद्यात सामान जाताना मोजायचं आणि येताना मोजायचं. अण्णा टेम्पोच्या मागं उभे राहतात आणि फाळका लावण्याआधी मोठ्यानं म्हणतात, "खुर्च्या तीनशे. गाद्या चाळीस. पडदे बावीस. पातेली सहा. पोरं चार."

पोरं चार म्हणजे माझा ओंकार, माझी धाकटी मुक्ता, आणि माझ्या राहात्याच्या नणंदेची, कल्पनाची, तनिष्का आणि सोहम. ही दोघं मे महिनाभर आमच्याकडे सावेडीलाच असतात. चौघं ओळीनं बसतात, अण्णा त्यांच्या डोक्यावर एकेक टिचकी मारत जातात आणि चार झाले की फाळका बंद.

मी एकदा म्हटलं, "अण्णा, पोरांना सामानात कशाला मोजता?"

अण्णा म्हणाले, "वैशाली, मोजलेलं हरवत न्हाई."

चाळीस वर्षांत त्यांची एक चादर हरवलेली नव्हती.

*

पाथर्डीच्या बाजूला एक लग्न होतं. रविवार असल्यामुळे मीही गेले होते. मांडव उतरवून झाला, सामान भरायला घेतलं आणि अण्णा म्हणाले, "पोरं तीन."

ओंकार नव्हता. मंगल कार्यालय नव्हतं ते, शेतातलं लग्न होतं, आणि शंभर पावलांवर विहीर होती, कठडा नसलेली. मी विहिरीकडं कशी पोचले ते मला आठवत नाही. काठावर पालथी पडून मी आत ओंकार, ओंकार म्हणून ओरडत होते आणि आतून माझाच आवाज परत येत होता.

तेवढ्यात आमच्या दोन माणसांनी एक गुंडाळलेलं जाजम उचलून टेम्पोत फेकलं. एक जण जागेवरच थबकला. म्हणाला, "अण्णा, ह्ये जाजम शिंकलं."

लपाछपी चालली होती. ओंकार जाजमात गुंडाळून पडला होता, आणि ज्याच्यावर राज्य होतं तो सोहम मध्येच जिलेबी खायला गेला होता.

बाहेर काढल्यावर ओंकारनं पहिला प्रश्न विचारला, "मी जिंकलो ना?" मी त्याला एक ठेवून दिली आणि मग टेम्पोच्या चाकाशी बसून रडले.

*

एका मंगळवारी आमच्याकडे ऑर्डर नव्हती. लग्नसराईत एखादाच असा दिवस येतो. आम्ही खरीखुरी सहल काढली, भंडारदऱ्याला, बोटीत बसायला. गाडी भाड्याची केली, कारण टेम्पो नेला असता तर अण्णांनी सवयीनं खुर्च्या भरल्या असत्या.

संगमनेरच्या पुढं रस्त्याकडेला एक मांडव दिसला. अण्णा म्हणाले, "गाडी थांबव."

"अण्णा, आज सुट्टी आहे," प्रशांत म्हणाला.

"सुट्टी आपल्याला हाय. वाऱ्याला न्हाई. त्यो कोपऱ्याचा खांब बघ, कच्चा बांधलाय."

आणि अडुसष्ट वर्षांचे अण्णा धोतर खोचून, परक्या लोकांच्या शिडीवर, परक्या मांडवाच्या टोकाला चढले. खाली दीडेकशे माणसं जेवायला बसलेली. वारा सुटला होता, कापड फडफडत होतं, शिडी हलत होती. मी शिडी धरली आणि डोळे मिटून घेतले. मला वरून अण्णा पडताना दिसत होते, आणि डोळे उघडले की मांडव पडताना दिसत होता.

लग्नघरचे एक गृहस्थ आले. म्हणाले, "पाव्हणं, तुमी मुलाकडचे का मुलीकडचे?"

वरून अण्णा म्हणाले, "खांबाकडचे."

धरणावर पोचलो तेव्हा बोटी बंद झाल्या होत्या. पण अण्णा उतरल्यावर पाचच मिनिटांत जो वारा आला, त्यात रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीचा पत्रा उडाला आणि तो मांडव जागचा हलला नाही. मुलं बोटीसाठी रडत होती. मला मात्र पाणी लांबूनच बघायला मिळालं म्हणून बरं वाटत होतं.

*

आता पुणतांब्याचं सांगते. हा किस्सा मी लॅबमध्ये अजून सांगितलेला नाही.

यंदाच्याच मे महिन्यातली गोष्ट. सकाळचं लग्न होतं, गोदावरीपासून जवळच. मला रजा नव्हती. मुलं अण्णा आणि प्रशांतबरोबर गेली. मुक्ताला मी पिवळा फ्रॉक घातला होता, गर्दीत लांबून दिसावा म्हणून.

चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं. गाद्या भिजल्या तर दुसऱ्या दिवशीची ऑर्डर बुडणार होती, म्हणून सगळ्यांची धावपळ झाली. सामान कसंबसं चढलं. अण्णांनी घाईघाईनं टिचक्या मारल्या, चार झाल्या, फाळका लावला आणि टेम्पो निघाला.

वाटेत राहात्याला कल्पनाच्या घरी चहाला थांबायचं ठरलेलंच होतं. कल्पना मुलांना पाणी द्यायला टेम्पोच्या मागं गेली. तनिष्का, सोहम आणि ओंकार एकमेकांवर रेलून झोपले होते. त्यांच्या शेजारी पिवळा फ्रॉक घातलेली एक मुलगी टक्क जागी बसली होती.

कल्पना म्हणाली, "अण्णा, ही कोण?"

ती लग्नातल्या पाहुण्यांची काव्या होती. तिला टेम्पोत बसायची हौस होती, म्हणून ती बसली. कुणी उठवलं नाही, उलट डोक्यावर टिचकी मिळाली. तिला वाटलं, आपल्याला घेतलं.

अण्णा फाळक्याला धरून उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "चार भरली हुती."

कल्पनाचा मला फोन आला. पहिलं वाक्य, "वहिनी, घाबरू नका." हे वाक्य ऐकलं की माणूस ज्या गोष्टीला घाबरतो ती घडलेलीच असते. माझ्या हातात कुणाच्या तरी रक्ताची नळी होती. ती मी स्टँडमध्ये नीट ठेवली, हे मला आठवतं. मग मी खाली फरशीवर बसले. मला फक्त नदी दिसत होती. घाटाच्या पायऱ्या आणि पाणी. पुढचा तासभर मला कुणी काय काय सांगितलं त्यातलं एकही अक्षर आठवत नाही.

प्रशांत कल्पनाच्या नवऱ्याची मोटरसायकल घेऊन काव्यासकट उलटा पुणतांब्याला सुटला.

मुक्ताचं झालं असं, की ती लग्नघरात लघवीला गेली होती. आत कुणीतरी तिला लाडू दिला, बसवलं, नाव विचारलं. ती बाहेर आली तेव्हा मांडव नव्हता. सकाळपासून जिथं छत, पडदे, माणसं, गाणी होती, तिथं मोकळं रान होतं आणि खांब काढलेले खड्डे होते. टेम्पो लांब वळणावर पोचला होता आणि फाळक्यावरून तिच्या जागी दुसराच पिवळा फ्रॉक दिसत होता. ती एका खड्ड्याशेजारी बसली. वावटळ आली, पाऊस आला, तरी ती तिथून उठली नाही.

काव्याची आई काव्याला शोधत तिथं आली आणि लांबून पिवळा फ्रॉक बघून धावली. जवळ येऊन बघते तर ही. मुक्तानं तिला सांगितलं, "तुमची मुलगी आमच्या टेम्पोत गेली. माझ्या जागेवर."

प्रशांत पोचला तेव्हा काव्याच्या आईनं आधी लेकीला छातीशी धरलं आणि मग त्याच्याकडं बघून विचारलं, "पोरं काय मोजून नेता व्हय? तोंडं बघत न्हाई?"



*

मुक्ता घरी आली, जेवली, झोपली. पण माझ्या ओढणीचं टोक तिनं मुठीत धरलं ते दहा-बारा दिवस सोडलं नाही. रडली नाही, बोलली नाही. कोणत्याच गाडीत बसेना. रिक्षा दिसली की माझ्या मागं जायची. पंधरा जूनला शाळा सुरू होणार होती. शाळा आमच्या घरापासून सहा किलोमीटर, आणि ती जाणार होती व्हॅननं, कारण मला सकाळी सातला उपाशीपोटीचं रक्त घ्यायला लॅबमध्ये हजर व्हावं लागतं आणि प्रशांत तेव्हा कुठल्यातरी गावात मांडव सोडत असतो. ही मुलगी आता पुन्हा गाडीत बसणारच नाही, मला या एकाच गोष्टीची धास्ती होती. जेवताना तीच, रक्त काढताना तीच.

अण्णांनी मोजणी बंद केली. त्या महिन्यात एक पातेलं आणि दोन गाद्या हरवल्या.

शाळेची खरेदी झाली तेव्हा मुक्ता पहिल्यांदा कामाला लागली. ठळक शाईचं पेन घेऊन बसली आणि दिसेल त्या वस्तूवर नाव घालायला लागली. वह्या, पट्टी, रेनकोट, बुटांचे तळ. मग स्वतःच्या दंडावर, "मुक्ता प्रशांत." मग ओंकारच्या दंडावर ओंकार. मग अण्णा दुपारचे झोपले असताना त्यांच्या पांढऱ्या टोपीवर समोरच मोठ्या अक्षरांत, "अण्णा."

अण्णा तीच टोपी घालून शेवगावच्या लग्नाला गेले. तिथं कुणीतरी हसून विचारलं, "अण्णा, ह्ये काय?"

अण्णा म्हणाले, "नातीनं घातलंय. मी हरवलो तर कळावं म्हणून."

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले. टोपी काही त्यांनी धुतली नाही.

*

पंधरा जून. सकाळी साडेसहाला व्हॅन दारात. व्हॅनवाले गोरखकाका चांगला माणूस. सावेडीतली अकरा मुलं नेतात. मुक्ता दारातच उभी राहिली. त्यांना म्हणाली, "काका, तुम्ही उतरवताना काय करता?"

"मोजतो की बाळा. अकरा."

मुक्ताचा चेहरा उतरला. तिनं माझी ओढणी धरली. मला साडेसहालाच निघायला हवं होतं, उशीर झाला होता. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. तिला उचलून आत बसवलं आणि दार ओढून घेतलं. ती काचेतून नुसती बघत राहिली. स्कूटर चालवताना मी स्वतःला आई म्हणवून घ्यायच्या लायकीची समजत नव्हते.

लॅबमध्ये पहिल्याच पेशंटच्या दंडाला पट्टा बांधला आणि फोन वाजला. गोरखकाका.

"ताई, घाबरू नका."

मी पट्टा सोडला. भिंतीला पाठ टेकली.

"पोरगी कुटं हाय माझी?" मला माझीच भाषा ओळखू येईना. माहेरची, खेड्यातली भाषा तोंडात आली होती.

"हाय, हाय, बरी हाय. आधी ऐका. शाळंत पोचलो. समदी उतरली. तुमची पोरगी दार धरून हुबी. मला दार लावू देईना. म्हणती, सगळे उतरले नाहीत. मी म्हनलं, बाळा, उतरली. म्हणती, नावं घ्या."

"मग?"

"मी म्हनलं घेतो नंतर, मला गाडी लावायचीय. गाडी मी मागच्या मैदानात लावतो ताई, काचा बंद करून, साडेबारापर्यंत. तर ती चाकापुढं जाऊन बसली. बाई आल्या, शिपाई आला, उठंना. म्हनलं, पोरीचं मन राखावं, घ्यावी नावं."

"घेतली का?" मी विचारलं.

"आठ नावं घेतली, आठ जण ओ म्हनाली. नववं नाव विहानचं. बालवाडीतलं पोरगं, आज पहिलाच दिवस. कुनी ओ देईना. मागच्या शिटाखाली, दप्तरांच्या मागं, रडून रडून झोपलं हुतं ताई. घामानं भिजल्यालं."

मी विचारलं, "मुक्ता कुठंय?"

"ती? ती गेली की वर्गात. पळत गेली." आणि मग ते पुन्हा पुन्हा तेच सांगायला लागले, "दुसऱ्या गाडीतलं एक पोरगं बाटली मागायला दाराशी आलं हुतं, ते मोजताना मधी आलं आसंल. मी मोजली हुती ओ ताई. अकरा भरली हुती."