दुधासाठी भांडलेली सुईण

धावड्याचं निम्मं गाव साळूबाईच्या हातावर जन्माला आलं होतं. सुईणीचं काम ती आईकडून शिकली. हात असा हलका की भोकरदनहूनही बोलावणं यायचं. पण पाटलाच्या घरी ती एकदा हरली होती. धाकटी सून नंदाबाई पहिल्या बाळंतपणात तीन दिवस अडली आणि बाळ गेलं. ते साळूबाईच्या मनातून कधी गेलं नाही.

निजामाच्या राज्यात, एकोणीसशे अडतीसच्या सुमारास, नंदाबाईला परत दिवस गेले. चौथ्या महिन्यातच तिच्या पायांत गोळे येऊ लागले, कंबर ठणकायची, भिंत धरल्याशिवाय चार पावलं टाकवेनात. साळूबाईनं नंदाबाईच्या नवऱ्याला, मच्छिंद्रला, गाडी जुंपायला लावली आणि तिघं जालन्याच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी नंदाबाईची कंबर दाबून पाहिली. ‘‘लेकरू आपल्या हाडांसाठी आईकडून कॅल्शियम घेतं. तिच्या खाण्यात नसलं तर तिच्या हाडांतून ओढतं. ही दूध पीत नाही, उन्हातही येत नाही. हाडं मऊ पडलीत. अशानंच बाई बाळंतपणात अडते.’’

साळूबाईनं कॅल्शियम हा शब्द दोनदा म्हणून पाहिला, जिभेवर बसेना. ‘‘मंग ते मिळतं कशात?’’

‘‘दुधात, ताकात, तिळात, शेवग्याच्या पाल्यात. आणि रोज अंगावर ऊन हवं.’’

गावात आल्यावर खरी लढाई सुरू झाली. दुधाचं नाव काढताच सासू तुळजाबाई दारातच कडाडली, ‘‘दूध बिलकुल न्हाई! लेकरू पोटात मोठं होतं अन् अडतं.’’

‘‘मागल्या बारीला तुम्ही दूध बंदच केल्तं, पाटलीणबाई. तरी अडलंच की!’’

पाटलिणीला असं कोणी बोललं नव्हतं. पण साळूबाई मागे हटली नाही. ‘‘गवळ्यांच्या बायांची किती बाळंतपणं केली मी. एक बाई अडली न्हाई. त्या काय पितात, तुमाला ठावं हाय.’’

तुळजाबाईनं भिंत धरून उभ्या सुनेकडे पाहिलं. मग आत जाऊन तिनं स्वतः दुधाचा तांब्या आणून नंदाबाईच्या हाती दिला.

त्या दिवसापासून साळूबाई रोज सकाळी यायची. नंदाबाईला मागच्या अंगणात उन्हात बसवायची, तिळकूट भाकरीवर घालायची, शेवग्याच्या पाल्याची भाजी समोर बसून संपवायला लावायची. सहाव्या महिन्यात गोळे थांबले. सातव्यात नंदाबाई भिंत सोडून चालू लागली. आठव्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, ‘‘छान सुधारली. आता घाबरू नका.’’

दिवस भरले आणि भर दुपारी कळा सुरू झाल्या. साळूबाईनं बाह्या सारल्या. ऊन कलायच्या आत मुलगी झाली, ठणठणीत, आणि अशी रडली की मच्छिंद्र गोठ्यातून धावत आला. नंदाबाई घामानं भिजली होती, पण हसत होती. साळूबाईनं लेक तिच्या कुशीत ठेवली आणि तिथंच भुईवर बसून ढसाढसा रडली.

बारशाला बायांनी ओसरी भरली. तुळजाबाईनं साळूबाईला ओढून पाटावर बसवलं, नवं लुगडं तिच्या ओटीत घातलं आणि सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘ज्यांच्या घरी सून गरवार हाय, त्यांनी हिचं ऐकायचं. माझ्याशी वाद घालू नका!’’

दुसऱ्याच दिवशी साळूबाईच्या झोपडीपुढं चार सासवा उभ्या होत्या, प्रत्येकीच्या मागे पदर सावरत एक सून.