रूपरावची फियाट आणि बांधलेल्या स्प्रिंगा

रूपराव डंभारेची फियाट दारात उभी असली की वाटे, बिचारी कोणाची तरी माफी मागून राह्यली. मागून ताठ, समोरून पार वाकलेली. अल्लीपूरच्या त्या गल्लीतले रिकामटेकडे जाता-येता तिच्या डोक्यावर हात ठेवत, "उठ माय, केली माफ," म्हणत. रूपराव ओसरीवर सुपारी कातरत बसे. आपल्याला काही ऐकू आलं नाही असं दाखवी. पण कानशिलं लाल व्हायची, ती कुठं लपवणार?

स्वतः तो वाकणाऱ्यांतला नव्हता. हिंगणघाटच्या एका प्रेसात त्यानं जवानीपासून कापसाच्या गाठी बांधल्या. यंत्रानं रुई दाबायची आणि यंत्र सुटायच्या आत रूपरावनं लोखंडी पट्ट्या आवळून बक्कल मारायचं. "माह्या हातची गाठ सुटली असं मुंबईवरून कोणी कळवलं काय एकदा तरी?" असं तो विचारी. कोणी कळवलं नव्हतं हे खरं. मुंबईवाल्यांना दुसरीही कामं असतात. मात्र एक गोष्ट रूपरावच्या ध्यानात कधी आलीच नव्हती. बांधणं त्याचं, उघडणं दूरच्या मिलवाल्याचं. बांधलेली वस्तू सुटते कशी, हे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

काम सुटल्यावर पुलगावच्या एका बदली झालेल्या साहेबाची जुनी फियाट त्यानं हौसेनं घेतली. साहेबानं ती खड्ड्यांतून अशी हाणली होती की समोरच्या स्प्रिंगा बसल्या होत्या आणि धक्के झेलणाऱ्या शॉकपमध्ये तेलाचा टिपूस नव्हता. बायको कौशल्याबाई तिच्यातून एकदा वर्ध्याला गेली, आणि कंबर धरून एसटीनं परत आली.

तरी रूपराव ती गाडी घेऊन केळझरला, गणपतीच्या गावाला, सासुरवाडीला गेला. कौशल्याबाईच्या भाचीचा, नलूचा, साखरपुडा होता. नलूची आई लहानपणीच गेली. पोरगी वाढली ती या आत्याच्या मांडीवर, कारण आत्याला स्वतःचं मूल नव्हतं. नलूचा बाप, म्हणजे रूपरावचा मेहुणा प्रभाकरराव, दारातच उभा होता. गाडी पाहून तो भरल्या मांडवात ओरडला, "काय भाटवे, गणपतीच्या पाया पडाले गाडीलेच पुढं धाडलं काय? लग्नाले मात्र एसटीनं येजा. नाई तं वऱ्हाडाले वाटन, दारात कोणी चक्कर येऊन पडलं!"

मांडव खदखदून हसला. नवरदेवाचा बाप तर ठसका लागेपर्यंत हसला. रूपरावच्या तोंडात जिलबी होती; ती तशीच ठेवून तो गरजला, "कौशल्या लग्नाले येईन तं माह्याच गाडीत! नाई तं येनारच नाई!"

कौशल्याबाईला कोणी विचारलं नाही. ती आत नलूची वेणी घालत होती.

आता आली पंचाईत. वर्ध्याच्या मिस्त्रीकडून रूपरावनं नव्या स्प्रिंगा आणि शॉकप आणले. मिस्त्री म्हणाला, "काका, नवी स्प्रिंग दाबून बसवा लागते. त्याले शिकंजा पायजे. गाडीच इकडं आणजा."

"दाबनं तू मले शिकवून राह्यला?" रूपराव म्हणाला, आणि स्प्रिंगा पिशवीत घालून तडक हिंगणघाट गाठलं.

वैशाख लागला होता, हंगाम संपला होता, प्रेस रिकामंच. जुना जोडीदार जंगलू उईके अजून तिथं कामावर होता. दोघांनी स्प्रिंगा यंत्राखाली घातल्या, दाबल्या, आणि रूपरावनं त्यांना गाठीसारख्याच पट्ट्या आवळल्या. जंगलूनं डोकं खाजवलं. "रूपरावभाऊ, हे सुटन कसं?"

"माह्या हातचं सुटत नाई."

"तेच तं पुसून राह्यलो मी."

रूपरावला यात फक्त तारीफ ऐकू आली. त्या बुटक्या झालेल्या स्प्रिंगा त्यानं ओसरीवर मांडून ठेवल्या. गल्ली बघायला आली. शेजारचा बबनराव वाकून म्हणाला, "रूपराव, हे का पाळलेलं हाय? चावत तं नाई ना?"

गाडीखाली लाकडाचे ओंडके देऊन रूपरावनं जुनं काढलं, नवं बसवलं. स्प्रिंगा दबलेल्या असल्यामुळं त्या अलगद जागेवर गेल्या, मधून शॉकपही बसले. चाकं लावून गाडी खाली उतरवली तर ती आणखीच वाकली. आधी माफी मागत होती, आता लोटांगण घालत होती. "पट्ट्या कापल्या का उठतेच, पाय," रूपराव म्हणाला. लग्नाला निघायच्या मुहूर्तावर कापायच्या, सगळ्यांसमोर, असा त्याचा बेत.

लग्न सांजच्या गोरजावर होतं. सकाळीच कौशल्याबाई हिरवा शालू नेसून, नलूसाठीची जोडवी पदरात बांधून ओसरीवर उभी. समोर सगळी गल्ली. रूपरावनं डाव्या चाकामागं हात घालून छिन्नी मारली. फाट्! गाडीनं डावा खांदा असा उचलला की बबनरावची टोपी पडली. टाळ्या झाल्या. रूपरावला पाहून वाटावं, गणपती त्यालाच पावला.

उजव्या बाजूला मात्र पट्ट्यांची बक्कलं आतल्या अंगाला गेलेली. छिन्नी पोचेना. गाडी एका खांद्यानं वर, एका खांद्यानं खाली, अशी खुळ्यासारखी उभी.

"भाऊ, आता नाचून राह्यली वाटते वरातीत!" गल्लीतून आवाज आला.

"अवो, असू द्या," कौशल्याबाई म्हणाली. "दहाची एसटी हाय अजून."

"एसटीचं नाव काढू नको!"

त्यानं गाडी पुन्हा ओंडक्यावर चढवली आणि चाक काढलं. मघा गाडीचं वजन चाकावर होतं म्हणून स्प्रिंग सरळ उघडली होती. आता खालून तिला धरणारं काहीच नव्हतं. रूपरावनं डावा हात आत घालून बक्कल फिरवलं, उजव्यानं छिन्नी मारली. एक पट्टी तुटली. दुसरी एकटी कशाला थांबते? स्प्रिंग तिरपी होऊन उसळली आणि गाडीच्या पत्र्याला जाऊन भिडली. मध्ये रूपरावची दोन बोटं होती.



पाहायला म्हणून आलेल्या जंगलूनं पहारीनं स्प्रिंग सारली, हात काढला, धोतराच्या चिंधीत गुंडाळला. आणि ज्या एसटीचं नाव काढायचं नव्हतं, तिच्यातच रूपरावला बसवून, कौशल्याबाईला सोबत घेऊन वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. बोटं गेली होती.

"जिवाले काई धोका?" कौशल्याबाईनं विचारलं.

"नाही."

तिनं नळावर शालूचा काठ धुतला, पिळला, आणि खाटेजवळ आली. "येतो मी."

"कुठं?"

"केळझरले."

रूपराव उठायला गेला, कळ आली, पडला. "मी साऱ्यायसमोर बोललो होतो, माह्या गाडीत नाई तं—"

"तुमी बोलले होते. मले कोनं पुसलं होतं?" ती जंगलूकडं वळली. "भाऊ, यायले पानी पाजजा. मी उद्या येतो."

"कौशल्या! भाऊ हसन तुह्या! मांडव हसन!"

"हसू द्या. नलूजवळ कोनी नाई."

ती गेली. रूपराव हाका मारत राहिला, तेव्हा शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "चूप ना गा, झोपू दे."

थोड्या वेळानं रूपरावनं हळूच विचारलं, "जंगल्या, पाय बरं खिडकीतून. थांब्यावरच असन. नाई जायची ती."

जंगलूनं पाहिलं. केळझरवरून जाणारी नागपूरची गाडी लागली होती.

"बसली, भाऊ."

"खरंच?"

"जागाबी भेटली तिले."

रूपराव भिंतीकडं तोंड करायला गेला. पण दुखरा हात नेमका त्याच अंगाला होता, म्हणून त्याला जंगलूकडंच तोंड करून पडावं लागलं.