घरच्या कॉम्प्युटरचं व्हाय-व्हाय

हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा मेव्हण्याच्या नाकातून चहा आला, आणि त्यानं शर्ट माझा घातला होता!

मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे एखादा पार्ट बाद निघाला, की तो का बाद निघाला हे एकदा विचारून भागत नाही. पाचदा विचारायचं. का झालं? बरं, ते का झालं? आणि ते तरी का झालं? पाचव्या 'का'पर्यंत समोरचा माणूस एकतर खरं कारण सांगतो, नाहीतर रडकुंडीला येतो. याला म्हणतात व्हाय-व्हाय.

आता ही सवय गेटच्या आत ठेवून घरी यायला हवं की नाही? पण मी पडलो चौकस. घरी दूध उतू गेलं तरी मी गॅसपाशी उभा राहून 'का' विचारायचो. आईनं एक दिवस सांडशी उगारली, तेव्हा कुठे दुधाची चौकशी थांबली.

तर आमच्या निमोण्याच्या वस्तीवर कॉम्प्युटर आला. माझ्यासाठी नाही हो, बायकोसाठी. रोहिणी लग्नाआधी शिरूरला एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायची. हात इतका छान, की वाढदिवसाच्या बॅनरवरचा काळाकुट्ट कार्यकर्ता ती सिनेमात घेण्यासारखा करून द्यायची. इथं आल्यावर ते सुटलं. कांद्याच्या वाफ्यात बसून ती मनातल्या मनात बॅनर करायची, हे मला दिसत होतं. म्हणून दौंडच्या सच्याकडून, म्हणजे माझ्या मित्राकडून, जुना कॉम्प्युटर घेतला. सच्यानं कॉम्प्युटरच्या डब्याला मागून एक सील लावलं होतं. म्हणाला, "काय बी झालं तर मी बघतो. पण हे सील तुटलं, तर तू कोण आन् मी कोण!"

आमचं कुलदैवत खंडोबा. आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली, आता आमच्याकडे मेंढरं नावाला आणि कांदा-ऊस जास्त, पण रीत तीच. घरात कुठलंही मशीन येवो, ट्रॅक्टर असो नाहीतर मिक्सर, भंडारा उधळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. कॉम्प्युटर चालू केला, नारळ फोडला, आणि मी ओंजळभर हळद घेऊन दिली उधळून. येळकोट येळकोट जय मल्हार!

पहिलं काम आलं शेजारच्या बांधावरून. आप्पांच्या कोमलचं लग्न ठरलं, मुलगा दौंड तालुक्यातल्या राहूचा. आप्पा म्हणाले, "सूनबाई, पत्रिका तूच करायची. गुरुवारी सांजच्याला प्रेसला गेली पायजे. न्हाई जमलं, तर शिरूरचा प्रेसवाला हायेच. मग राग मानायचा न्हाई."

पत्रिका म्हणजे तुम्हाला काय वाटलं? वर गणपती, खाली तारीख, झालं? आमच्याकडच्या पत्रिकेत लग्नाची माहिती कमी आणि माणसं जास्त असतात. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, समस्त भावकी, मामांच्या गावची वेगळी, आणि खाली सगळी चिल्लीपिल्ली. यातलं एक जरी नाव राहिलं, तर तो माणूस लग्नाला येतो, पण मांडवाच्या दारात हाताची घडी घालून उभा राहतो. जेवत नाही! पुढची पिढी एकमेकांच्या अंगणात पाय ठेवत नाही. आणि हे काम रोहिणीचं पहिलं. हे जमलं तर दोन तालुक्यांत तिचं नाव होणार होतं, फसलं तर पुन्हा कांद्याचा वाफा.

सोमवारी ती बसली. माझी त्या आठवड्यात रात्रपाळी, म्हणून दिवसा मी घरीच. भावकीची नावं टाकायला लागली, आणि अचानक पडदा काळा. डबा गप्प. मग आपोआप गुरगुरून पुन्हा चालू. तिनं बसून दोन ओळी लिहिल्या, पुन्हा काळा! प्रत्येक ओळ सेव्ह करायची तिला सवय होती, म्हणून झालेलं जात नव्हतं. पण चालू व्हायला त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढासुद्धा तो चालायचा नाही.

रोहिणीचा चेहरा पडला. आणि माझा? खरं सांगू? माझा उजळला. इतक्या दिवसांनी घरात एक खराखुरा प्रॉब्लेम आला होता!

"तू बाजूला हो," मी म्हणालो. "याचं व्हाय-व्हाय करू."

"अहो, सच्याभावजींना फोन करा ना."

केला. सच्या दुकान बंद करून सासुरवाडीला गेलेला, फोन लागेना. मग काय, मैदान माझंच.

का बंद पडतो? वीज कमी पडते. का कमी पडते? आप्पांची पाण्याची मोटर! आमची दोघांची लाइन एकाच डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून. त्यांची मोटर सुरू झाली की आमचा बल्ब मान टाकतो, हे मी रोज बघत होतो. पण क्वालिटीवाला पुराव्याशिवाय बोलत नाही. मी बांधावर जाऊन उभा राहिलो, रोहिणीला फोन लावून ठेवला. आप्पांची मोटर घरघरली.

"बंद पडला का?"

"पडला!"

सापडला! मी तसाच आप्पांच्या दारात.

"आप्पा, तुमच्या मोटरमुळं आमचा कॉम्प्युटर बंद पडतोय. गुरुवारपर्यंत मोटर बंद ठेवा."

आप्पा हातातली तंबाखू मळायचे थांबले. "आरं दत्ता, डोकं ठिकाणावर हाय का? कांद्याचं रोप सुकंल माझं!"

"पत्रिका कोणाच्या पोरीची आहे?"

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. मग उठले आणि खरंच मोटर बंद करून आले. पोरीचं लग्न माणसाकडून काय काय करवून घेतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर लावला. चालला की हो! रोहिणीनं मामांचं गाव अर्धं संपवलं. मी छाती पुढे काढून आईला म्हणालो, "बघ, याला म्हणतात रूट कॉज." आणि देवाला विसरायचं नाही म्हणून चिमूटभर भंडारा पुन्हा वाहिला. चिमूटभर म्हणजे आमची चिमूट. मूठच म्हणा.

दुपारपर्यंत पुन्हा काळा.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण आत कुतूहल असं उकळत होतं म्हणता! आप्पांची मोटर बंद, तरी हा पडतो, म्हणजे दुसरं कारण आहे. कुठलं? अर्थिंग! आमच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कैक वर्षांत कुणी पाणी घातलं नव्हतं. मी घरातलं मीठ नेऊन ओतलं, वर कोळसा, वर बादल्यांनी पाणी. आई ओसरीवरून बघत होती.

"आरं, मीठ कुठं चाललंय समदं?"

"अर्थिंगला!"

"आन् कालवणाला?"

मी आणखी एक बादली ओतली. परत येऊन कॉम्प्युटर लावला, तर चालला! मी पुन्हा भंडारा वाहिला. तास गेला असेल नसेल, पुन्हा काळा.

मग मी टेबल हलवून पाहिलं. वायरी बदलल्या. डबा पश्चिमेकडे तोंड करून ठेवला. व्हायरस असेल म्हणून दोन वेळा सगळं तपासलं. आणि गंमत बघा, मी काहीही केलं की तो थोडा वेळ चालायचा! म्हणजे माझं प्रत्येक कारण खरं ठरायचं आणि लगेच खोटं पडायचं. कंपनीत असा पार्ट मी जन्मात पाहिला नव्हता. रोहिणी म्हणायची, "तुम्ही खटपट करता तेवढा वेळ तो नुसता पडून असतो, त्यानं तर बरं वाटत नसेल ना त्याला?" मी म्हणायचो, "मशीनला बरं-वाईट वाटत नाही." अशा वेळी बायकोचं ऐकावं, हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

बुधवारी आणखी एक नवल. खोलीत खमंग जळका वास. मी स्वयंपाकघरात डोकावलो.

"आई, फोडणी जळाली का गं?"

"भाकरी थापतीय मी! फोडणी कुठली? मीठ न्हाई म्हून कालवणच ठिवलं न्हाई."

मग हा वास कुठून येतोय? मी पुष्कळ विचार केला आणि ठरवलं, की शेजारून येत असणार. आप्पांकडे लग्नघर, काहीतरी तळत असतील.

गुरुवार उजाडला. मी रजा टाकली. कंपनीत कारण काय लिहिलं ते विचारू नका. दुपारी आप्पा स्वतः येऊन बसले, राहिलेली नावं तोंडी सांगायला. रोहिणी टाइप करतेय, आप्पा आठवून आठवून सांगतायत, आई दारात, मी डब्यावर हात ठेवून. डबा चांगलाच तापला होता, पण मे महिना, सगळंच तापतं.

"स्वागतोत्सुक झालं," आप्पा म्हणाले. "आता व्यवस्थापक मंडळी घे. पयलं नाव लिव्ह..."

ठप्प. काळा.

आप्पांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच उठले. "ऱ्हाऊ दे, पोरी. तुझा दोष न्हाई. मी जातो शिरूरला."

रोहिणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की मी चार दिवस कोड्याची मजा घेत होतो आणि ती चार दिवस तिचं दुकान बंद पडताना बघत होती. पण मी काही बोलायच्या आत ती उठली, खिडकीतला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि डब्याच्या मागे बसली.

"अगं, सील! वॉरंटी जाईल!"

"वॉरंटी ठेवा तुमच्या कंपनीत," ती म्हणाली आणि टरकन सील फाडलं.

झाकण निघालं. सगळे वाकलो. आत काय असावं? पिवळंधमक! पंखा पिवळा, वायरी पिवळ्या, आणि मधल्या पंख्याखालच्या जाळीत भंडाऱ्याचा थर जळून तपकिरी झालेला. पंख्याची पाती त्यात रुतून बसली होती.

आईनं नकळत हात जोडले. आप्पा म्हणाले, "आरं तिच्या! देव आतच बसलाय की!"

रोहिणी सावकाश माझ्याकडे वळली. "करू या का व्हाय-व्हाय? का बंद पडायचा?"

"तापायचा," मी म्हणालो.

"का तापायचा?"

"पंखा फिरत नव्हता."

"का फिरत नव्हता?"

"भंडारा गेलाय त्यात."

"भंडारा का गेला?"

"मी... मी वाहिला."

"आणि एवढा का वाहिला?"

आता काय सांगणार? खरं तेच सांगितलं. "बंद पडू नये म्हणून!"

आप्पा मटकन खाली बसले ते हसायलाच. मोटर बंद ठेवलेला माणूस, रोप सुकलेला माणूस, पोट धरून हसत होता! मी सायकलचा पंप आणला आणि आत हवा मारली, तर सगळा भंडारा उलटा माझ्या तोंडावर. आप्पा म्हणाले, "दत्ता, हळद पोरीला लावायचीय, तुला न्हाई!"

पण पंखा फिरला. कॉम्प्युटर चालू झाला तो चालूच राहिला. रोहिणी दम न खाता बसली, आप्पा पुढची सगळी नावं सांगून घरी गेले, आणि दिवस कलायच्या आत पत्रिका तयार. देखणी झाली होती हो, उगीच बायको म्हणून सांगत नाही.

ती म्हणाली, "एकदा वाचून द्या. नाव राहायला नको."

म्हणजे शेवटी क्वालिटीची गरज लागलीच! मी लाल पेन घेतलं. कुठे वेलांटी चुकली, कुठे भाऊसाहेबांचा भाऊ झाला, सगळं काढलं. प्रत्येक नावावर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि खाली झोकात 'ओके' लिहून सही ठोकली. पत्रिका छापली, दोन तालुक्यांत वाटली. एकाही घरातून तक्रार नाही! रोहिणीला मांडवात पोचायच्या आधीच आणखी दोन लग्नांचं काम मिळालं.

आणि लग्नाच्या दिवशी मांडवात जो तो मला बाजूला घेऊन विचारायला लागला, "दत्ताभाऊ, आप्पांचं आन् तुमचं मोटरवरनं लईच वाजलं म्हणं? पत्रिकंत तुमचं नावच न्हाई!"

मी पत्रिका मागून घेतली. व्यवस्थापक मंडळी. वरून खाली, खालून वर. खरंच नाही!

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. आप्पा "पयलं नाव" म्हणाले आणि कॉम्प्युटर बंद पडला, ते पयलं नाव माझंच होतं! ते त्यांच्या तोंडातच राहिलं. नंतर आप्पांनी ते सांगून झालं असं धरून दुसऱ्यापासून पुढं सांगितलं.

तोवर ही कुजबुज आप्पांपर्यंत पोचली होती. पोरीचा बाप तो, भर मांडवात माझ्यापुढे हात जोडून उभा! डोळ्यांत पाणी. "दत्ता, पाया पडतो, रुसू नको. तुझं नाव मी पयलं सांगितलं हुतं." आणि मागं वळून सगळ्या पाव्हण्यांदेखत गरजले, "ही पत्रिका तपासली कुणी? एवढं घरचं नाव ज्याच्या नजरंतनं सुटलं, त्या शहाण्याला हितं बोलवा! आत्ताच्या आत्ता!"

रोहिणीनं पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे बघितलं. तिच्यामागोमाग अख्खा मांडव माझ्याकडे बघायला लागला.

मी पाण्याचा जग उचलला आणि पंगतीत वाढायला निघून गेलो.