मुलुंडच्या तळ्यातील आकाश

या सदरातील अनुभव मी बरीच वर्षे वाचत आलो आहे, आणि खरे सांगायचे तर त्यांतील बहुतेकांवर माझा विश्वास बसलेला नाही. ईश्वरावर माझी श्रद्धा आहे; मुंज झाल्यापासून प्रातःसंध्या मी जाणूनबुजून कधी चुकवलेली नाही. पण श्रद्धावंताने प्रत्येक अद्भुत गोष्टीवर मान डोलवलीच पाहिजे, असे कोठे आहे? पाठशाळेत आमच्या गुरुजींनी आधी प्रमाण मागायला शिकवले, मग पाठांतर. त्यामुळे भुते, झपाटलेली झाडे, रस्त्यात भेटणाऱ्या स्त्रिया... यांच्या वाटेला मी कधी गेलो नाही. आज जे लिहितो आहे त्यात यांपैकी काहीच नाही. एक तळे आहे, एक छायाचित्र आहे, आणि एक कोडे आहे.

साठीच्या दशकाची शेवटची वर्षे असावीत. मी मुलुंडला एका शाळेत संस्कृत शिकवत असे. आमचे बिऱ्हाड पश्चिमेला होते — तळमजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्याला लागून मोरी. आमच्या पुढे वस्ती विरळ होत जाई. मग एक लहानसे गावतळे, काठावर महादेवाचे देऊळ, आणि तळ्यापलीकडे थेट डोंगर. देवळाच्या पायरीवर उभे राहून मावळतीकडे पाहिले की वर डोंगराची कड दिसे, आणि खाली पाण्यात तीच कड उलटी. काठालगत कमळाची पाने पसरलेली असत. वाचकांनी हा देखावा मनात ठेवावा. सगळी हकिकत त्याच चौकटीतली आहे.

घरात आम्ही तिघे. मी, माझी पत्नी इंदू, आणि माझा धाकटा भाऊ विनायक. तो माझ्याहून पुष्कळच लहान. आईवडील लवकर गेल्यामुळे इंदूच्याच हाताखाली वाढला. शिक्षण संपल्यावर त्याने स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ काढला. मुंजी, बारशी, लग्ने, क्वचित पासपोर्ट. आमच्या मामांनी फोर्टातल्या त्यांच्या कचेरीत त्याच्यासाठी एक जागा धरून ठेवली होती आणि ते दर महिन्याला मला त्याची आठवण देत. शेवटी मी विनूला समोर बसवून सांगितले, की दसऱ्याला वाचनालयात छायाचित्रांचे प्रदर्शन भरणार आहे. बाहेरचे जाणकार परीक्षक येणार आहेत. त्यांनी तुझ्या चित्राला पहिले मानले, तर मी नोकरीचे नाव पुन्हा काढणार नाही. न मानले, तर दिवाळीनंतर तू मामांकडे रुजू व्हायचे. त्याने मान हलवली. दोन दिवस तो नीट जेवला नाही, असे इंदू म्हणाली.

त्याने विषय निवडला आमचेच तळे. अडचण होती ती आकाशाची. भाद्रपदाचे दिवस, सगळे आभाळ एका रंगाचे, मळकट. असे आकाश कागदावर नुसते पांढरे उमटते — डोंगराच्या वर जणू काही नाहीच. त्या काळी छायाचित्रकारांनी यावर एक तोड काढलेली होती. विनूपाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात नुसत्या आकाशांच्या निगेटिव्ह होत्या. मढला कोणाचे लग्न असले की परतताना समुद्रावरचे ढग टिपून आणायचे. कांजूरच्या मिठागरांवरचे, आरेतल्या कुरणांवरचे असेच जमवायचे. मग छापताना डोंगराच्या कडेबरहुकूम काळा कागद कापून खालचा भाग झाकायचा, आणि वरच्या कोऱ्या जागेत डब्यातले एखादे आकाश उमटवायचे.

हे सारे आमच्या मोरीत चाले. शनिवारी दुपारी दाराला घोंगडी, खिडकीला पुठ्ठा, आत तांबडा दिवा. इंदू बाहेरून विचारी, “आज काय घालतोयस रे, मढचं आभाळ की कांजूरचं? आणि मला भांडी घासायला मोरी कधी मिळणार, ते तुझ्या ढगांना विचार.”

पहिले चित्र त्याने मला आणून दाखवले. वर मढचे ढग, मोठे देखणे. मी पाहत राहिलो आणि मला काहीतरी खटकत राहिले. तळ्याचे पाणी कोरेच होते. वर एवढे ढग आणि पाण्याला त्यांचा पत्ताच नाही! मी तसे म्हटल्यावर विनूने कपाळाला हात लावला.

पुढच्या आठवड्यात त्याने तीच निगेटिव्ह उलटी धरून पाण्यातही ढग छापले, आणि प्रतिबिंब वरच्या मानाने जरा काळसर ठेवले. आता चूक काढायला जागा नाही, असे त्याला वाटत होते. परंतु त्या काठावर मी रोज संध्येला बसणारा. पाहताक्षणी दिसले की ढग कमळाच्या पानांवरूनही गेले आहेत. पाण्यातले प्रतिबिंब पानापाशी येऊन तुटते. पानावर चढत नाही. एवढ्या पानांभोवती कागद कापणे कोणाच्याही हाताला शक्य नव्हते.

“चित्र सुंदर आहे,” मी म्हणालो, “पण हे तळे आपले नाही.”

“दादा, तुमच्या शास्त्रात सगळं नीट बसतं,” तो म्हणाला. “माझ्या मोरीत नाही बसत.”

त्याचा स्वर मला लागला. त्याहीपेक्षा त्याचे डोळे पाहवले नाहीत. मी एवढेच म्हणालो, की उद्या पुन्हा काढू, मीही येतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी आम्ही दोघे तळ्यावर गेलो. विनूने पायरीवर तिकाटणे उभे करून कॅमेरा डोंगराकडे लावला. मी खालच्या पायरीवर संध्येला बसलो. पावसाळ्यात कित्येक दिवस सूर्य दिसत नाही, तरी अर्घ्य द्यायचेच असते. तो आहे हे मानून द्यायचे. मी पाण्यात दोन पायऱ्या उतरून, उगवतीकडे तोंड करून ओंजळ सोडली आणि सवयीने आकाशात कुठे उजेडाची फट दिसते का, ते पाहिले. उगवतीला नव्हती. वळून मावळतीला पाहिले, तिथेही नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत भस्म फासल्यासारखे एकसारखे आकाश. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझी साक्ष एवढ्यापुरतीच आहे — त्या वेळी आकाशात एकही ढग वेगळा दिसत नव्हता.

“दादा, आता पाणी हलवू नका ना,” विनू वरून म्हणाला.

मी पायरीवर आलो. माझ्या अर्घ्याची वलये पसरत पलीकडच्या काठाला लागून विरली. पाणी निश्चल झाले. त्याने एक चित्र घेतले; मग आणखी काही.

दुपारी तो मोरीत शिरला. मी ओटीवर वह्या तपासत होतो. बऱ्याच वेळाने त्याने मला हाक मारली — मोठ्याने नाही, अगदी हळू. मी आत गेलो तेव्हा त्याने घोंगडी बाजूला सारून खिडकी उघडलेली होती आणि ओली फिल्म उजेडात धरली होती.

निगेटिव्हमध्ये सगळे उलट दिसते. उजेड काळा, अंधार पांढरा. पण पाहायची सवय मला झाली होती. पहिल्या चित्रात आकाशाची जागा गच्च काळी होती, म्हणजे नेहमीचेच कोरे आकाश. खाली पाणी मात्र भरलेले होते. पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले ढग, त्यांच्या मधून एक लांबट फट, आणि डोंगराच्या उलट्या कडेपासून खाली पसरत गेलेले किरण — सूर्य डोंगराआड जाताना पसरतात तसे. वर काहीच नाही आणि पाण्यात सगळे! त्याच फिल्मवरच्या पुढच्या चित्रांत, अवघ्या काही क्षणांनी घेतलेल्या, पाणीही कोरेच होते.

“एकावर एक दोन फोटो पडले असतील,” मी म्हणालो.

“मग ढग काठावर पण दिसले असते ना. देवळावर दिसले असते,” तो म्हणाला. “ही पानं बघा, दादा.”

मी पाहिले. प्रत्येक पानाच्या काठाशी ढग तुटत होता आणि पानापलीकडे पुन्हा सुरू होत होता. आम्ही डबा ओतून त्यातले एकेक आकाश खिडकीशी धरून पाहिले. असे आकाश त्यात नव्हते.

मला वेदान्ताची गोडी आहे. बिंब आणि प्रतिबिंब यांचा विचार मी आयुष्यभर केला आहे, विद्यार्थ्यांपुढेही कित्येकदा मांडला आहे. मुख नसेल तर आरशात मुख दिसत नाही, हे सांगताना मला कधी अडखळावे लागले नव्हते. त्या दुपारी मोरीच्या उंबऱ्यावर उभा असताना मात्र मी मुखावाचून भरलेला आरसाच पाहत होतो. भय वाटले का, असे मला नंतर लोकांनी विचारले. नाही वाटले. प्रसाद हातावर पडावा तसे वाटले.

विनूच्या मनात निराळाच विचार आला होता. तो म्हणाला, “डब्यातलं आकाश तुम्हाला चालत नाही. हे चालेल? हेच उलटं करून वर छापतो.”

मी क्षणभर विचार केला. पाणी याच तळ्याचे, कड याच डोंगराची. मी हो म्हणालो.

निगेटिव्ह उलटी करून त्याने पाण्यातले आकाश डोंगरावर चढवले, वरचे थोडे उजळ ठेवून. कडेला कड अशी जुळली की काळ्या कागदाची रेघही कोठे दिसेना. खालच्या पाण्याला त्याने हातच लावला नाही. चित्र वाळल्यावर इंदूने ते हातात घेतले आणि पदराला हात पुसायचे विसरून बराच वेळ पाहत राहिली. “आता कशी दोघांची ओळख पटली,” ती म्हणाली. “आधी नुसते शेजारी होते.”

दसऱ्याला वाचनालयाच्या सभागृहात चित्रे लागली. परीक्षक वयस्क गृहस्थ होते, धोतर-कोट, खिशात भिंग. ते विनूच्या चित्रापाशी थांबले, पुढे गेले, परत आले. मग सगळ्यांदेखत म्हणाले, “आकाश जोडलेलं आहे.”

मामाही आलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. विनूचा चेहरा उतरला, पण तो पुढे झाला.

“हो, जोडलंय,” तो म्हणाला. “पण बाहेरचं नाही. याच पाण्यातलं आहे.”

परीक्षकांनी निगेटिव्ह मागितली. त्याने बरोबर आणलेली होती. खिडकीशी जाऊन त्यांनी भिंग एकेका पानावरून फिरवले. मग त्यांनी आम्हाला समजावले की आकाशाचा उजेड फार असला म्हणजे ते जळून कोरे पडते. पाण्यात उजेड कमी, म्हणून ढग तेवढे तिथे टिकतात. असे होऊ शकते.

मला गप्प बसून चालले असते. विनूचे भले त्यातच होते. पण न विचारलेलेही सत्य कधी कधी सांगावे लागते. मी म्हणालो, “आपण म्हणता ते योग्यच असेल. परंतु मी तेथे उभा होतो. त्या सकाळी ढग नव्हते, आणि किरण तर मावळतीचे आहेत.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “गुरुजी, नव्हते तर पाण्यात आले कुठून?”

“तेच मला आपल्याकडून जाणून घ्यायचे होते,” मी म्हणालो.

लोक हसले, तेही हसले. निगेटिव्ह विनूच्या हातात परत देताना त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, की मी आजवर पुष्कळ जोडलेली आकाशे पाहिली; पाण्याने मान्य केलेले हे पहिलेच. पहिला क्रमांक विनायकचा.

त्या टाळ्या अजून कानांत आहेत. मामांनी स्वतः उठून त्याला मिठी मारली आणि म्हणाले, “जागा दुसऱ्या कुणाला देतो रे, तू तुझे ढग मोज.” आम्ही चित्र भिंतीवरून उतरवून भर बाजारातून हातात धरून नेले; भाजीवाल्यांनी, शिंप्याने, शाळेतल्या मुलांच्या आयांनी ते वाटेत थांबवून पाहिले. मी एरवी फार बोलत नाही. त्या दिवशी प्रत्येकाला थांबून सांगत होतो की हा माझा भाऊ.

घरी जाण्याआधी देवापुढे पेढे ठेवायचे, असा इंदूचा हट्ट होता, म्हणून आम्ही तिघे तळ्याकडे वळलो. सूर्य डोंगराआड चालला होता. पेढे ठेवून बाहेर आलो आणि इंदू पायरीवरच थबकली. तिने विनूच्या हातातल्या चित्राकडे पाहिले, मग समोर, मग पुन्हा चित्राकडे.

पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले ढग. मधली लांबट फट. कडेपासून वर पसरलेले किरण. चित्र आणि आकाश यांत मला फरक सापडला नाही, आणि मी तो शोधला, अगदी शंकेखोर परीक्षकासारखा शोधला. पाण्यातही तेच होते, पानापाशी तुटत आणि पुन्हा जुळत.

प्रतिबिंब आधी पडले आणि बिंब मागाहून आले, हे कोणत्या शास्त्रात बसते ते मी पुढे पुष्कळांना विचारले. जाणत्या लोकांनी निरनिराळी उत्तरे दिली. एकानेही माझे समाधान झाले नाही, आणि आता या वयात होईल असेही वाटत नाही. त्या संध्याकाळी मात्र मला उत्तराची घाई नव्हती. मी हात जोडून उभा होतो. विनूच्या खांद्याला कॅमेरा होता, त्यात फिल्मही होती. मी त्याला म्हणालो, अरे, उजेड जाईल, लवकर काढ.

तो चित्र छातीशी धरून हसत होता.

“कशाला, दादा?” तो म्हणाला. “हा काढून झालाय.”