अप्पांना दचकवण्याचे दिवस

आमच्या अप्पांना उचकी लागली ती भर उन्हाळ्यात, दुपारी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाताना. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. अप्पांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, आमच्याकडेच राहायची. ती म्हणाली, "कोन आटवन काढतंय बगा," आणि आम्ही दुधनीपासून कुर्डुवाडीपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांची नावं घेऊन टाकली. एकाही नावाला उचकी थांबली नाही. संध्याकाळी अप्पा उचक्या देतच दुकानात गेले. सोलापुरात आमचं धान्याचं दुकान होतं आणि अप्पांचा आवाज चौकापर्यंत जायचा. आता तो एका वाक्यात तीनदा अडकायला लागला.

आधी गल्लीतल्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, मग इंजेक्शनं झाली. गोळ्यांनी अप्पांना झोप यायची, उचकीला यायची नाही. मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं. तिथले डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "दोष काही सापडत नाही. अशी उचकी कधीकधी आपोआप जाते. तोवर यांचं खाणं सांभाळा." खाणंच तर जात नव्हतं! घास घेतला की उचकी, घोट घेतला की ठसका. अप्पांच्या सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल दिसायला लागली तेव्हा आई देवासमोर बसून रडली. मग एका वैद्यांनी मोरपिसाची राख मधातून चाटवली. अप्पांनी तीही चाटली आणि उचकी देऊन म्हणाले, "आता नाचायचं तेवडं ऱ्हायलं."

औषधं हरल्यावर गल्लीने अप्पांना हाती घेतलं. उचकीवाल्याला दचकवायचं, हा आमच्याकडचा जुना इलाज. पोराला उचकी लागली की "काय चोरून खाल्लंस रे?" म्हणून अंगावर ओरडायचं, पोर बिचारं रडायला लागतं आणि उचकी विसरतं. पण साठीला टेकलेल्या व्यापाऱ्याला चोर कोण म्हणणार? म्हणून अप्पांसाठी वाईट बातम्या आणायचं ठरलं. या कामाची मुकादम आत्या.

शेजारचा कापडवाला दुकानाला आग लागल्याचं सांगत आला. अप्पा एका पायात चप्पल घालून धावत सुटले, वाटभर उचक्या चालूच. कुणी विक्रीकराची धाड आणली, कुणी चुलत्याला विहिरीत पाडलं. हळूहळू अप्पा असे निर्ढावले की येणाऱ्याला बसवून घ्यायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "हं, तुमची काय बातमी?" त्यात एक दिवस दुकानाच्या माडीवरची पाण्याची टाकी खरोखरच फुटली. हमाल भिजलेल्या अंगाने पळत आला, "अप्पा, समदी ज्वारी भिजली!" अप्पांनी त्याची पाठ थोपटली. "झ्याक सांगितलंस. आनि अंगावर पानी बी वतून आलास की!" त्या ज्वारीला पुढे कोंब आले.

हे सगळं चालू असताना माझ्यापाशी एक खरी बातमी होती. मी म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवत होते. तिथलाच गणिताचा मास्तर, तेलुगू विणकरांच्या घरातला, आणि मी, आम्हाला लग्न करायचं होतं. आमच्या लिंगायत घरात जातीबाहेर सोडाच, पोटजातीबाहेरसुद्धा कुणी गेलं नव्हतं. त्याच्या आईने तेलंगणातली एक मुलगी पाहून ठेवली होती आणि रविवार उलटला की ती तिकडे शब्द देणार होती. त्याआधी मी घरी सांगायचं, मग त्याने येऊन भेटायचं, असं आमचं ठरलं होतं. सांगायला आधीच धीर नव्हता, त्यात बाप असा खंगत चाललेला. माझं आयुष्य त्या एका रविवारावर येऊन टेकलं होतं आणि आमच्या घरात माणसं खोट्या बातम्या जुळवत बसली होती. मला असा संताप यायचा की काही विचारू नका.

गुरुवारी संध्याकाळी ओसरीवर बातम्या आणणाऱ्यांची नेहमीची बैठक भरली होती. आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "तू बी कायतरी सांग की गं. मास्तरीन हायस, येवडं सुचंना व्हय?"

संताप डोक्यात होताच. मी उभी राहिले आणि म्हणाले, "अप्पा, मला आमच्या शाळेतल्या तेलुगू मास्तरांशी लग्न करायचंय."

बैठक गार झाली. मग अप्पाच हसले. पोट धरून हसले. हसू आणि उचकी एकमेकांत अडकून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हे लई भारी," ते म्हणाले, "समद्यांत भारी! पर पोरी, पटंल असं तर सांगायचं!" सगळ्यांनी टाळ्या दिल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागले, तर आई जवळ घेऊन म्हणाली, "रडतीस कशाला? न्हाय थांबली तर न्हाय थांबली. तू आपलं केलंस की."

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी ती बातमी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायला सुरुवात केली. मी शाळेतून परतताना पायरीवर थबकून ऐकलं. अप्पा हसत, उचकत सांगत होते आणि डाळ घ्यायला आलेली एक बाई म्हणाली, "त्यो लांबडा मास्तर व्हय? आमच्या पोराला त्येनंच वळन लावलं. सोनं हाय पोरगं." मागून कुणी म्हणालं, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, घरच्या मागावर आईला मदत करतो. "व्हय काय?" अप्पा म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पहिल्यापासून सांगायला लागले. थट्टेथट्टेत त्यांनी त्या मुलाची मुळापासून चौकशी करून घेतली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

शनिवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात त्याने मला गाठलं. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"अप्पा हसले," मी म्हणाले, आणि पुढचं सांगणार तोच घंटा झाली, वर्गावर्गांतून पोरं लोंढ्याने बाहेर आली. त्याचा चेहरा मात्र असा फुलला की माझी जीभच उचलेना. शाळा सुटल्यावर शोधलं तर स्वारी घरी पसार.

रविवारी सकाळी तो आमच्या दारात उभा. पांढरा सदरा, हातात नारळ. ओसरीवर बैठक होतीच, कुणीतरी ओरडलं, "अप्पा, ह्योच की त्यो मास्तर!" अप्पांच्या अंगात उत्साह संचारला. त्यांनी दोन्ही हात पसरले. "या, या! बगा मंडळी, आमचा जावई आला!"

सगळे खो-खो हसले. तोही हसला, मनापासून. पुढे आला, नारळ ठेवला आणि अप्पांच्या पायांवर डोकं टेकलं. ते थट्टेतलं वाकणं नव्हतं. दोन्ही हात पावलांवर, कपाळ हातांवर. हसणं जागच्या जागी विरलं. पाया पडलेला माणूस आशीर्वादाचा हात पाठीवर पडल्याशिवाय उठत नाही, तोही उठेना.

अप्पांचं तोंड उघडंच राहिलं होतं. आता उचकी यायची वेळ झाली होती. ती आली नाही. पुढचीही आली नाही. आत्या हळूच म्हणाली, "थांबली गं बाई!" सगळी ओसरी उचकीकडे कान लावून बसली होती. मी अप्पांच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो हात गुडघ्यावर होता आणि हलत नव्हता.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं हुतं व्हय?"

"होय, अप्पा."

अप्पा चिडले की कानडीत शिरायचे. मी कानडीची वाट बघत राहिले. ते त्या वाकलेल्या पाठीकडे बघत होते, सदऱ्याच्या शिवणीकडे बघत होते.

"समद्या बाजाराला मीच सांगून बसलो की गं," ते सावकाश म्हणाले. एवढं लांब वाक्य त्यांनी कित्येक दिवसांत न अडकता म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी हात उचलला आणि त्याच्या पाठीवर ठेवला. "उठा आता," ते म्हणाले, "पाठ दुखंल."