लुगड्याखालच्या चान्या

सुपासाठी पातळ काप कर म्हणून सुनेनं अर्धवट गोठलेलं मटण हातात दिलं आणि लातूरची ती भाड्याची खोली आठवली. जिल्हा नवा, वडिलांची बदली नवी, त्यात दुष्काळ. चाऱ्यावाचून बकरं जगेना म्हणून मामानं ते कापलं आणि मुखेडहून एसटीनं मटण आणून दिलं. फ्रीज कुठला? मटण टिकावं म्हणून आई त्याचे काप, म्हणजे चान्या, वाळवायला निघाली, विळीवर मला बसवलं आणि प्रत्येक कापाला खेकसली, "चप्पल कापून राहिलीस का? पानावानी पातळ कर!" मालकीणबाई लिंगायत, घरात अंडंही चालत नसे, म्हणून हळद-मीठ लावलेले काप गच्चीवर दोरीला टांगून आईनं वर लुगडं पांघरलं आणि राखणीला मला बसवलं. तीन दिवस शाळा बुडवून मी उन्हात माश्या हाकल्या, तरी चान्या ओल्याच! चौथ्या दिवशी मालकीणबाई वर आल्या. मागोमाग आईही धावत आली. त्या नाकाला पदर लावून म्हणाल्या, "लुगडं काढा की बाई, ऊन कसं लागंल? मला पहिल्या दिवशीच कळलंय." आईनं लुगडं काढलं आणि राग माझ्यावर काढला: तू जाड कापलंस, म्हणूनच वास सुटला. आत्ता सून डोकावून गेली. म्हणे, "आई, जरा पातळ जमेल का?"