मामाचं अख्खं वाक्य

माझ्या मामाची पिठाची गिरणी आहे आणि मामाला दमा आहे. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या नशिबी लिहिणारा कधी भेटला तर मी त्याला जाब विचारणार आहे. मामाला विचारलं तर तो म्हणायचा, "पिठाचा... आणि दम्याचा... काही... संबंध नाही." एवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागायचं, तरी मत बदलायचं नाही.

गिरणीतला मामा मात्र भारी माणूस. रस्त्यावरूनच मोटरचा आवाज ऐकून सांगतो, दगड गुळगुळीत झालाय, टाकी लावून खरबरीत करायला हवा. पीठ चिमटीत धरून सांगतो, गहू नीट वाळला नव्हता. पस्तीस वर्षं मोटरच्या वर आवाज काढून बोलल्यामुळे तो घरीही ओरडूनच बोलायचा, आणि मामी त्याच्या वरचढ. त्यांची भांडणं खालच्या मजल्यावर आमच्या घरात स्पष्ट ऐकू यायची. रेडिओ लावायची गरजच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मामाच्या छातीत शिट्टी वाजायला लागली आणि ओरडणं संपलं. डॉक्टरांनी तोंडाने ओढायच्या औषधाचा पंप दिला आणि धूळ टाळायला सांगितलं. गिरणीवाल्याला धूळ टाळ म्हणणं म्हणजे माशाला पाणी टाळ म्हणण्यासारखं. मामी गिरणी विकून टाका म्हणून मागे लागली. मामा मूग गिळून बसायचा, कारण उत्तर द्यायला श्वास पुरत नव्हता. शेवटी मामीने एक दिवस निकाल दिला.

"तीन महिने देते," ती म्हणाली. "खालून तीन जिने चढायचे, या दारात उभं राहायचं आणि कुठंही न थांबता मला एक अख्खं वाक्य बोलून दाखवायचं. जमलं तर गिरणी राहील. नाही जमलं तर शटर कायमचं खाली."

मामाने माझ्याकडे बघितलं. गिरणी गेली तर हा माणूस सकाळी उठून करणार काय, हे मला सुचेना. म्हणून मी त्याला योगवर्गाला घातलं. डॉक्टर म्हणाले, जरूर करा, मदत होईल, पण पंप सोडायचा नाही. योगाच्या बाई माझ्यापेक्षा लहान, पण खमक्या. त्यांनी आसन शिकवायच्या आधी मामाच्या खिशातला पंप बघून घेतला.

पहिल्या दिवशी मामा सतरंजीवर आडवा झाला आणि उठला तेव्हा त्याची पांढरी आकृती सतरंजीवर तशीच राहिली. पुढच्या रांगेतल्या आजींनी ती घाबरून ओलांडली. वाकायचं म्हटलं की त्याच्या नाकी नऊ यायचे. पण डोळे मिटून, श्वास सोडत भुंग्यासारखं गुणगुणायचं होतं, तिथे मामाचा सूर इतका स्थिर लागला की सगळा वर्ग त्याच्या सुरात आला. बाई खूश झाल्या. मामाने एक डोळा उघडून मला हळूच सांगितलं, "आपली... मोटर."

रोज सकाळी घरीही सराव करायचा होता. पण मामीसमोर नाक धरून बसायची मामाला लाज वाटे. "माझी जागा आहे," एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, चला, मनावर घेतलं.

महिनाभरात शिट्टी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. बाई बुचकळ्यात पडल्या, डॉक्टरांनी औषध वाढवलं आणि मामी म्हणाली, "आजार म्हशीला अन् औषध पखालीला." माझंच तोंड उतरलं, कारण योगाचं खूळ माझं होतं.

एकदा सकाळी लवकर मी गिरणीवरून चालले होते. शटर वीतभर वर होतं आणि आतून मोटरचा आवाज येत होता. पण रात्री गेलेली वीज तर अजून आलेली नव्हती. मी शटर वर ढकललं. आत मामा पोत्यावर मांडी घालून गुणगुणत बसलेला, डोळे मिटलेले, भुवया पांढऱ्या. जागा शुद्ध हवी म्हणून त्याने आधी सगळं यंत्र कुंच्याने झाडलं होतं, आणि कोणी बघू नये म्हणून शटर ओढलं होतं. उन्हाच्या तिरिपेत पीठ नुसतं तरंगत होतं.

"काय करतोयस?" मी विचारलं.

"दीर्घ श्वास," मामा म्हणाला. "फुफ्फुसं... पूर्ण भरून."

"कशाने भरून?"

मामाने चहूकडे पाहिलं.

"गव्हाने," तो म्हणाला. "कालचं शेवटचं दळण... गव्हाचं होतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्याच आठवड्यात गिरणीत धूळ बाहेर ओढणारा मोठा पंखा बसला. मामाच्या तोंडावर मास्क चढला, झाडण्याच्या जागी ओलं फडकं आलं आणि सराव गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे सुरू झाला. मामी रोज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायची. ती काही न बोलता दुपारी घालायला लागली. मला हे दिसलं, मामाला नाही.

तीन महिने भरले. मामी दारात हाताची घडी घालून उभी. मी मामाच्या मागे, मुठीत पंप घट्ट धरून. मामा प्रत्येक मजल्यावर थांबला. न थांबण्याची अट बोलायला होती, चढायला नव्हती. दारात आला, ओठांचा चंबू करून गरम चहावर फुंकर घालावी तसा श्वास सोडला आणि बोलला.

"खिडकी मी उघडी ठेवली नव्हती, चष्मा फ्रीजवर तूच ठेवला होतास, तुझा भाऊ मला पहिल्यापासून आळशी वाटतो आणि परवा तू शेजारणीला म्हणालीस ना की हल्ली मी ऐकून घेतो म्हणजे मला सगळं पटतं, तर दोन वर्षांत मला तुझी एकही गोष्ट पटलेली नाही."

एकदाही थांबला नाही. आता छप्पर उडणार म्हणून मी भिंतीला टेकले. पण मामी चपलांच्या कपाटावर मटकन बसली आणि रडायला लागली.

मामा घाबरला. "अगं, भावाचं परत घेतो."

"घेऊ नका," मामी म्हणाली. "दोन वर्षं या घरात मी एकटीच भांडत होते. मला वाटलं, आता असंच राहणार."

मामा तिच्याशेजारी टेकला. तिने डोळे पुसले, त्याच्या भुवईवरचं पीठ बोटाने झटकलं.

"गिरणी ठेवा. पंखा बंद दिसला तर मात्र मीच शटर ओढीन," ती म्हणाली. "आणि चष्मा मी नव्हता ठेवला."

मामाने बाईंनी शिकवल्याप्रमाणे पोटातून सावकाश श्वास घेतला. मी पंप त्याच्या खिशात घातला आणि खाली आमच्या घरी येऊन रेडिओ बंद केला आणि खिडकी उघडी ठेवली.